विळ्यावर चढणारे तांबे

द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला तांब्याची पहिली ओळख ताम्हनातून किंवा बंबातून होत नाही, ती मोरचुदातून, म्हणजे कॉपर सल्फेटमधून, होते. निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेत बोर्डो हे बुरशीनाशक फवारायचे असले की अण्णा प्लॅस्टिकच्या एका ड्रममध्ये मोरचूद भिजवत, दुसऱ्यात चुना विरघळवत आणि दोन्ही द्रावणे तिसऱ्या ड्रममध्ये सावकाश एकत्र करत. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण आम्हा भावंडांना पाढ्यासारखे पाठ होते. मिश्रण तयार झाल्यावर, पंप भरण्यापूर्वी, अण्णा एक गोष्ट न चुकता करत. घासून लख्ख केलेल्या विळ्याचे पाते ते त्या निळसर पाण्यात बुडवून थोडा वेळ धरून ठेवत आणि मग बाहेर काढून उजेडात न्याहाळत. पात्यावर तांबूस झाक दिसली, तर पाण्यात अजून मोकळे तांबे आहे आणि त्याने कोवळी पालवी करपेल, असा त्याचा अर्थ होता. मग चुन्याची निवळी आणखी ओतायची, पाते पुन्हा घासायचे आणि पुन्हा बुडवायचे. पाते जसेच्या तसे निघेपर्यंत फवारणी सुरू होत नसे.

हीच गोष्ट पुढे शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकून शिकवली गेली, तेव्हा मला त्यात नवे काही वाटले नाही. लोखंड द्रावणात उतरते आणि त्याची जागा तांबे घेते, एवढेच ते शास्त्र आहे. रिओ टिंटो या परदेशी कंपनीचे सारे वैभव याच लहानशा क्रियेवर उभे राहिले, हे मला फार उशिरा, स्पेनमधल्या एका लाल नदीच्या काठी उभी असताना कळले. तेव्हापासून त्या कंपनीचा इतिहास मी जमेल तसा वाचत आले आहे आणि वाचताना अण्णांचा विळा डोळ्यांपुढून हललेला नाही.

सेव्हिलला जाण्याचा योग आला, तेव्हा एक दिवस मोकळा काढून मी उएल्वा प्रांतातल्या मिनास दे रिओतिंतो या गावी गेले. जुन्या खाणीच्या रेल्वेचा काही भाग तिथे आता पर्यटकांसाठी चालवला जातो. गाडी नदीच्या काठाकाठाने जाते, एका जुन्या स्थानकावर थांबते आणि लोक उतरून पाण्यापर्यंत जातात. रिओ तिंतो म्हणजे रंगलेली, तांबडी नदी. वाहत्या उथळ पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा दिसतो आणि जिथे ते साचते तिथे तो घट्ट होत जांभळ्या द्राक्षांच्या रसासारखा होतो. काठच्या दगडांवर पिवळ्या-केशरी पापुद्र्यांचे थर चढलेले आहेत. पाण्याचा सामू २ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका आहे. एवढ्या आम्लात जगणारे सूक्ष्मजीव पाहायला, मंगळावर जीवसृष्टी शोधू पाहणारे शास्त्रज्ञ या नदीवर येतात.

हे पाणी कंपनीने लाल केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. इथल्या डोंगरात माक्षिकाचे, म्हणजे लोखंड, गंधक आणि थोडे तांबे एकत्र असलेल्या खनिजाचे, प्रचंड साठे आहेत आणि त्यांच्यावरून झिरपणारे पाणी मुळातच आम्लधर्मी असते. शिवाय फिनिशियन आणि रोमन लोकांपासून इथे खोदकाम चालू आहे. रोमनांनी खाणीतले पाणी उपसायला बसवलेली लाकडी चाके जुन्या बोगद्यांमध्ये सापडली आहेत. त्यांची रचना पाहून आपल्याकडच्या रहाटगाडग्याची आठवण होते.

१८७३ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले, तेव्हा तिजोरीत पैसा नव्हता. सरकारने या खाणी सुमारे ९ कोटी २८ लाख पेसेटांना विकल्या आणि विकताना जमिनीबरोबर जमिनीखालचे सारे खनिजही कायमचे देऊन टाकले. घेणाऱ्या गटाचा प्रमुख होता लंडनचा ह्यू मॅथेसन, आणि त्यातून उभी राहिलेली कंपनी म्हणजे रिओ टिंटो. मॅथेसन हे नाव मुंबईच्या इतिहासाला अनोळखी नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पोहोचवणाऱ्या जार्डिन मॅथेसन पेढीचा एक संस्थापक जेम्स मॅथेसन हा या ह्यूचा चुलता, आणि सर जमशेटजी जीजीभॉय हे त्या पेढीचे मुंबईतले मोठे सहकारी होते. ह्यू धर्मनिष्ठ प्रेस्बिटेरियन होता आणि अफूच्या व्यापाराबद्दल मनात आक्षेप असल्यामुळे त्याने चीनमधल्या त्या पेढीत जायला नकार दिला होता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपला पैसा दूरच्या माणसांचे काय करतो, हा विचार त्या काळातही करता येत होता आणि या कंपनीच्या पहिल्या अध्यक्षाने तो तरुणपणी केलाही होता.

कंपनीने झपाट्याने काम केले. दोन-तीन वर्षांत खाणीपासून उएल्वा बंदरापर्यंत ८० किलोमीटरहून लांब रेल्वे आली आणि नदीच्या खाडीत लोखंडी धक्का उभा राहिला. १८७७ ते १८९१ या काळात रिओ टिंटो ही तांब्याच्या उत्पादनात जगात अग्रेसर खाण होती. काही माक्षिक गंधकासाठी जहाजाने ब्रिटन आणि जर्मनीतल्या आम्लाच्या कारखान्यांकडे जात असे. उरलेल्यातून तांबे तिथेच काढले जाई आणि ते काढण्याची रीत आमच्या विळ्याचीच होती.

माक्षिकाचे मोठे ढीग लाकडांवर रचून उघड्यावर पेटवत. या ढिगांना तिथे तेलेरा म्हणत. एक तेलेरा महिनोन्‌महिने धुमसत राही आणि गंधक जळून गेल्यावर त्यातले तांबे पाण्यात विरघळण्याजोगे होई. मग ढिगांवर पाणी सोडायचे आणि ते निळे-हिरवे पाणी लाकडी पन्हळींतून, त्यांत मांडलेल्या बिडाच्या लाद्यांवरून, वाहू द्यायचे. लोखंड झिजत जाई आणि लाद्यांवर तांब्याची लालसर साय धरत जाई. ती खरवडून भट्टीत वितळवली की तांबे तयार. पाण्यातले तांबे जास्तीत जास्त लोखंडावर उतरावे म्हणून पन्हळींची लांबी आणि उतार किती काळजीने ठरवत, हे वाचताना त्या इंजिनिअरांच्या कसबाबद्दल आदर वाटतो. पण पन्हळीत शिरण्यापूर्वी त्याच खनिजातून जे हवेत गेले होते, ते तपासायला कोणी विळा बुडवला नाही.

हवेत गेला होता तो गंधकाचा धूर. वारा पडलेल्या दिवशी तो दरीत खाली बसे. खाणकामगार त्याला ‘ला मांता’ म्हणत, म्हणजे घोंगडी. घोंगडी पसरली की दोन हातांवरचे दिसत नसे, काम बंद पडे आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाई. आसपासच्या सालामेआ ला रेआलसारख्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या बागा, पिके आणि मधमाश्या धुराने जात होत्या. तेलेरांसाठी डोंगरांवरची झाडे तोडली जात होती, ती निराळीच. शेतकऱ्यांनी धुराविरुद्ध संघटना बांधली. खाणीत माक्सिमिलिआनो तोर्नेत हा अराजकवादी कामगारांना एकत्र करत होता. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: घोंगडीच्या दिवसांची मजुरी कापू नये, औषधोपचाराच्या नावाने महिन्याला कापला जाणारा पेसेटा बंद करावा, १२ तासांचे काम ९ तासांवर आणावे आणि उघड्यावरची जाळणी थांबवावी.

४ फेब्रुवारी १८८८ रोजी शेतकरी आणि खाणकामगार बायकामुलांसह एकत्र मोर्चाने रिओतिंतोच्या चौकात आले. पुढे बँड वाजत होता. प्रांताचा राज्यपालही तिथे आला होता आणि त्याच्यासोबत पाविआ रेजिमेंटचे सैनिक होते. प्रतिनिधींची बोलणी फिसकटली, राज्यपाल सज्जात येऊन लोकांना निघून जायला सांगू लागला आणि थोड्याच वेळात सैनिकांनी दाटीवाटीने उभ्या असलेल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. सरकारी नोंदीत १३ मृत्यू आहेत. गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीत हा आकडा १०० च्या पुढे जातो, आणि कितीतरी प्रेते भट्टीतल्या मळीच्या ढिगांखाली पुरली गेली असे लोक आजही सांगतात. त्या सालाला तिथे गोळ्यांचे साल म्हणतात. त्याच महिन्यात माद्रिदच्या सरकारने उघड्यावर खनिज जाळण्यास बंदी घातली. १८९० मध्ये ती उठवली गेली आणि तेलेरा पुरत्या विझायला १९०७ साल उजाडले. न जाळता, ढिगांवर वर्षानुवर्षे पाणी फिरवून तांबे उतरवण्याची रीत तोवर हाताशी आली होती. धूर थांबला तो या नव्या रीतीमुळे; मोर्चेकऱ्यांचे म्हणणे कंपनीला पटले होते म्हणून नव्हे.

गावातले खाणीचे संग्रहालय कंपनीच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत आहे. तिथे एका दालनात रेल्वेचा एक डबा ठेवला आहे, ज्याला महाराजांचा डबा म्हणतात. राणी व्हिक्टोरियाच्या भारतभेटीसाठी तो १८९२ साली बर्मिंगहॅममध्ये बांधला, ती भेट घडलीच नाही आणि स्पेनच्या राजाच्या स्वागतासाठी कंपनीने तो इथे आणला, असे तिथे सांगितले जाते. आत तुकतुकीत लाकूड, मखमल आणि नक्षीदार छत आहे. जी राणी आपल्याकडे कधी आलीच नाही तिच्यासाठी बांधलेला तो डबा, हजारो मजुरांच्या या खाणीत, एवढा जपून ठेवलेला पाहताना माझे मन भरून आले. जवळच बेयाविस्ता ही इंग्रज अधिकाऱ्यांची वसाहत आहे: उतरत्या छपरांची घरे, टेनिसचे मैदान, चर्च आणि भोवती भिंत. स्पॅनिश मुलीशी लग्न करणाऱ्या अधिकाऱ्याला भिंतीबाहेर राहायला जावे लागे, असे सांगतात. १८८९ साली उएल्वात स्थापन झालेला स्पेनमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लबही याच कंपनीच्या माणसांनी काढलेला. उघडी खाण वाढत गेली तसे जुने रिओतिंतो गावही तिच्या पोटात गेले आणि गोळीबार झाला तो चौकही गेला.

पुढच्या पन्नास वर्षांतले संप, यादवी युद्ध आणि हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारशी झालेली ओढाताण मी इथे सांगत बसत नाही. १९५४ साली कंपनीने या खाणींचा दोन तृतीयांश हिस्सा स्पॅनिश भागीदारांना विकला आणि आलेला पैसा जगभरच्या नव्या शोधांत घातला. १९६२ मध्ये कन्सॉलिडेटेड झिंक या कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले आणि ऑस्ट्रेलियातला कारभार सीआरए या नावाने चालू लागला. नदी मागे राहिली आणि तिचे नाव कंपनीबरोबर पुढे गेले.

ते नाव पोहोचले बोगनव्हिल या बेटावर. आपल्या कुंपणांवरची बोगनवेल ज्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाने ओळखली जाते, त्याच्याच नावाचे हे पॅसिफिकमधले बेट भूगोलाने सॉलोमन बेटांच्या ओळीतले आहे, पण तेव्हा ते पापुआ आणि न्यू गिनीबरोबर ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होते. १९६४ मध्ये सीआरएचे भूशास्त्रज्ञ पांगुनाच्या डोंगरात पोहोचले आणि तिथे तांब्याचा आणि सोन्याचा अफाट साठा असल्याचे दिसले. कायद्याप्रमाणे जमिनीखालचे सारे सरकारचे होते. म्हणजे स्पेनमध्ये कंपनीने जमिनीखालचे धन विकत घेतले होते, इथे ते विकत घेण्याचीही गरज उरली नव्हती. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मंत्री चार्ल्स बार्न्स बेटावर आले आणि नुकसानभरपाईपलीकडे तुम्हाला वेगळे काही मिळणार नाही, खाण साऱ्या प्रदेशाच्या भल्यासाठी आहे, असे त्यांनी गावकऱ्यांना सांगितले. त्याच वर्षी बोगनव्हिलचे प्रतिनिधी पॉल लापुन यांनी विधानसभेत झगडून स्वामित्वधनाचा, म्हणजे निघालेल्या खनिजाच्या किमतीवर सरकारला मिळणाऱ्या रकमेचा, ५ टक्के वाटा जमीनमालकांना मिळवून दिला. मुळात स्वामित्वधनच सव्वा टक्का होते आणि हा वाटा त्या सव्वा टक्क्यातला होता.

आणि जमीनमालक कोण, हे ठरवतानाच मोठी चूक झाली. पांगुनाच्या परिसरातल्या नासिओई समाजात जमीन आईकडून मुलीकडे जाते. कोणते झाड कोणाचे, कोणती ओढ्याकाठची जागा कोणत्या कुळाची, हे बायका जाणतात. सरकार आणि कंपनी मात्र वाटाघाटींना पुरुषांना बोलवत राहिले. शेतीच्या देशात वाढलेल्या मला याचे फार नवल वाटत नाही, कारण आमच्याकडेही सातबाऱ्यावर आईचे नाव लागायला किती वर्षे गेली ते मी पाहिले आहे. फरक एवढाच की आमच्याकडे कागद बाईला विसरला होता, आणि तिथे बाईच्या हातात असलेली जमीन कागदाने पुरुषाच्या नावावर मांडली. ऑगस्ट १९६९ मध्ये बंदर आणि वसाहतीसाठी रोरोवाना गावाची जमीन मोजायला माणसे आली, तेव्हा बायका पुढे झाल्या, त्यांनी हद्दीची खूण उपटली आणि मोजणीच्या आड उभ्या राहिल्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरला. त्या बायकांची छायाचित्रे ऑस्ट्रेलियातल्या वृत्तपत्रांत आली, पुष्कळ लोक हळहळले, पण खाण थांबली नाही.

१९७२ मध्ये सीआरएच्या ताब्यातल्या बोगनव्हिल कॉपर लिमिटेडने उत्पादन सुरू केले. १९८९ पर्यंत त्या एका खाणीतून सुमारे ३० लाख टन तांबे आणि ३०० टनांहून अधिक सोने निघाले. १९७५ साली स्वतंत्र झालेल्या पापुआ न्यू गिनीच्या एकूण निर्यातीचा सुमारे ४४ टक्के भाग या खाणीचा होता. कोवळ्या राष्ट्राच्या शाळा आणि रस्ते त्या पैशावर चालत होते आणि हे कमी लेखता येणार नाही. पण पांगुनाच्या खडकात तांबे अगदी थोडे होते. खडकाचे पीठ करून त्यातले तांबे वेगळे केले की जवळजवळ सारे पीठच उरत असे, आणि ते कावेरोंग नदीत सोडले जाई. कावेरोंग जाबा नदीला मिळते आणि जाबा पश्चिम किनाऱ्यावर समुद्राला. १ अब्ज टनांहून अधिक गाळ आणि टाकाऊ खडक असा त्या खोऱ्यात गेला. पात्रे भरून वर आली, काठची जंगले पाण्यात उभी राहून वाळली, मासे संपले, आणि नदीच्या मुखाशी करड्या गाळाची नवी भूमी तयार झाली.

या गाळात तांब्याचे मोकळे अंश आहेत. आजही पांगुनाच्या खड्ड्यातून झिरपणारे पाणी दगडांवर निळा-हिरवा रंग चढवते, आणि त्याची छायाचित्रे पाहिली तेव्हा मला तो रंग लगेच ओळखू आला. तो आमच्या ड्रममधल्या मोरचुदाचा होता.

१९८७ मध्ये तिथल्या तरुण पिढीने जमीनमालकांची नवी संघटना केली. तिच्या प्रमुख होत्या पर्पेतुआ सेरेरो आणि सचिव त्यांचा नातेवाईक फ्रान्सिस ओना, जो पूर्वी याच खाणीत मोजणीदार म्हणून नोकरीला होता. त्यांनी १० अब्ज किना (तिथले चलन) भरपाई मागितली. कंपनीला तो आकडा अवास्तव वाटला. पण मला तो पैशांचा हिशेब वाटतच नाही. ज्याच्या घराखालचा डोंगर नाहीसा झाला आहे त्याने दुसरा कोणता आकडा सांगायचा? १९८८ मध्ये पर्यावरणाची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी लोकांच्या मोठ्या तक्रारी मान्य केल्या नाहीत, तेव्हा ओना सभेतून उठून गेला. काही दिवसांतच खाणीची स्फोटके चोरीला गेली आणि विजेचे मनोरे कोसळू लागले. १५ मे १९८९ रोजी खाण बंद पडली, ती आजतागायत बंद आहे.

त्यानंतरचे दशक सांगताना जड जाते. सरकारने सैन्य पाठवले आणि बेटाची नाकेबंदी केली, त्यामुळे औषधेसुद्धा पोहोचेनात. बोगनव्हिलची माणसे आपापसांतही लढली. बळींचा अंदाज साधारणपणे १५ ते २० हजार असा केला जातो आणि त्यांतले कितीतरी जण गोळीने नव्हे, उपचारांवाचून गेले. अखेर शस्त्रे खाली ठेवायला लावण्यात गावोगावच्या बायकांच्या गटांचा हात मोठा होता. ३० ऑगस्ट २००१ रोजी शांतता करार झाला आणि त्यात ठरल्याप्रमाणे २०१९ मध्ये सार्वमत घेतले गेले, तेव्हा सुमारे ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला.

या सगळ्यात कंपनी कुठे होती, असा प्रश्न पडतोच. २०१६ मध्ये रिओ टिंटोने बोगनव्हिल कॉपरमधले आपले ५३.८ टक्के समभाग काहीही न घेता बोगनव्हिलच्या आणि पापुआ न्यू गिनीच्या सरकारांना देऊन टाकले आणि तत्कालीन कायद्यांप्रमाणे आपण वागलो होतो असे सांगितले. कायद्याच्या भाषेत ते खरेही असेल. पण ज्या कायद्यांचा हवाला दिला जातो ते लिहिताना नदीकाठच्या कोणालाही विचारले नव्हते, आणि म्हणूनच हे उत्तर मला मान्य होत नाही. गाळ तयार होताना ज्याची मालकी होती, त्याच्यावरची गाळाची जबाबदारी समभागांच्या हस्तांतरणाने दुसऱ्याकडे जाते, हे अण्णांना कोणी पटवून दिले नसते. शेजारच्या बागेत आमचा फवारा उडाला, तर वारा त्यांच्या दिशेने होता असे सांगून ते घरी येत नसत.

२०२० मध्ये बोगनव्हिलच्या १५६ रहिवाशांनी ऑस्ट्रेलियात कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली. पुढच्या वर्षी कंपनीने खाणीच्या परिणामांच्या स्वतंत्र पाहणीचा खर्च द्यायचे मान्य केले. त्या पाहणीचा पहिला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. जीर्ण झालेली बांधकामे, दूषित जागा, गाळाने बदललेल्या नद्या आणि त्यांचे पूर या सगळ्याचा माणसांना असलेला धोका त्यात लिहिला आहे. खाण बंद झाल्यानंतर ३५ वर्षांनी तिथल्या पाण्यात अशा रीतीने विळा बुडवला गेला. त्याच सुमारास कंपनी, बोगनव्हिलचे सरकार आणि बोगनव्हिल कॉपर यांनी पुढच्या उपायांसाठी एकत्र बसायचे लेखी मान्य केले आहे.

जाबा आणि कावेरोंगच्या खोऱ्यात आज सुमारे १२ ते १४ हजार माणसे राहतात. वरच्या डोंगरातून प्रत्येक मोठ्या पावसात नवा गाळ खाली येतो आणि पात्र आपली जागा बदलते. कालपर्यंत जिथून पाय टाकून जाता येत होते तिथे आज दलदल असते. शाळेला निघालेली मुले आणि शेताकडे निघालेल्या बायका काठाशी थांबतात, काठीने समोरची वाळू चाचपतात आणि मग एकेक पाऊल टाकत पलीकडे जातात.